नववा प्रश्न

सांध्यांच्या दुखण्यासाठी बुकुंड्याच्या इस्पितळात गेलात, तर डॉक्टर भेटण्याआधी हातात एक प्रश्नावली पडते. रोजची कामं आपल्याला कितपत जमतात, हे आपलं आपण सांगायचं. त्यातला नववा प्रश्न आला की बायका हमखास हसतात. कोणीतरी शेजारणीला कोपर मारते, "हा बघ, हा आपला!" मी तिथे असले तर मान खाली घालून लेकीच्या टोपीची नाडी सोडत-बांधत बसते. कारण तो प्रश्न निघाला माझ्या गुडघ्यांतून, आणि त्याला वाचा फोडली माझ्या सासूबाईंनी.

माझी लेक नाकाये जन्मली आणि दोनेक महिन्यांत माझे सांधे सुजायला लागले. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठल्यावर बोटं रताळ्यांसारखी जाड झालेली असायची, मूठ वळायची नाही, वळली तर उघडायची नाही. मी तशी मुळातच काळजीखोर. पोर झोपली तरी श्वास चालू आहे ना म्हणून नाकाखाली बोट धरणारी. आता तर कुठेही पाऊल टाकण्याआधी डोळे जागा शोधून ठेवायचे: मी इथे पडले, तर पोर कुठे पडेल? चुलीकडे? की अंगणातल्या गवतावर? शेवटी मी तिला पाठीशी बांधायचंच सोडलं. फडक्याची गाठच मारता यायची नाही. आमच्याकडे आई कामाला लागली की पोर पाठीवर असतं. माझी पोर चटईवर पडून माझ्याकडे बघत रडायची.

माझ्या सासूबाईंना सगळं गाव नालोंगो म्हणतं, म्हणजे जुळ्यांची आई. माझा नवरा वास्वा त्या जुळ्यातला थोरला. तो कंपालात लोखंडी दारं-खिडक्या जोडतो, महिन्यातून एकदा येतो. जुळ्यांच्या आईला आमच्यात मान मोठा, आणि तोंड सोडायची मुभाही मोठी. सासूबाई दोन्हीतलं काही वाया घालवत नाहीत.

रोज सकाळी सुनेने त्यांच्या अंगणात जायचं, गुडघे टेकायचे, आणि रात्र कशी गेली, घरातली कशी आहेत, अशी सगळी विचारपूस करायची. माझं टेकणं बंद झालं. मी दाराची चौकट धरून, जरा वाकून बोलायला लागले. पहिले काही दिवस त्या नुसत्या बघत राहिल्या. मग एके सकाळी म्हणाल्या, "काय गं, कॉलेजात गुडघे काढून ठेवून घेतात वाटतं?"

"दुखतात, आई."

"दुखतात! दोन पोरं एकदम वाहिली मी पोटात, आणि वरून केळीचे घड डोक्यावर. माझे नाहीत दुखत?"

यावर बोलायचं काय? गुडघे कोणाचे दुखत नाहीत? तिघांतल्या दोघांचे दुखतात. दुखतात म्हटलं की समोरचा आपल्या गुडघ्यांची गोष्ट सांगायला लागतो.

खरं सांगायचं तर कॉलेजात आम्ही मैत्रिणी या टेकण्यावरून तावातावाने भांडायचो. बायकांनीच का टेकायचं? तेव्हा मी 'का टेकायचं' म्हणणाऱ्यांत होते. आता माझ्या मनात वेगळाच संताप होता. टेकायचं की नाही हे मी ठरवायचं होतं. माझे गुडघे कोण ठरवणारे?

आणि मग सासूबाईंनी ती गोष्ट काढली. "ईस्टर झाला की नाकायेला तिची आत्या मसाक्याला घेऊन जाईल. तिथे धडधाकट बायका आहेत घरात. तुझं काय ते बरं झालं की बघू."

पोर आत्याकडे वाढणं आमच्यात काही अपमानाचं नाही. उलट चांगलंच समजतात. म्हणूनच तर 'नाही' म्हणायला माझ्याकडे शब्द नव्हता. त्या रात्री मी नाकायेला कुशीत घेतलं आणि मनात ठरवलं, ईस्टरआधी हे दुखणं घालवायचं.

इस्पितळात आमवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पण त्यांनी फारसा फरक पडला नाही. एक नवं इंजेक्शन आलं होतं, ते थोड्याच जणांना मिळणार होतं. कोणाला, ते प्रश्नावलीवरून ठरायचं. ज्याला कामं जास्त अवघड, त्याचा आकडा मोठा; एका रेषेच्या वर आकडा गेला की इंजेक्शन.

मला वाटलं, झालं काम.

बाकावर माझ्या शेजारी फेबी होती. बाजारात केळी विकायची, आता तिचे खांदेच वर जात नव्हते. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून नर्स नांतेगे वाचून दाखवत होती.

"टबात उतरताना, टबातून बाहेर येताना त्रास होतो?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही, बाई. टब दिसू दे तरी एकदा, मग त्रासाचं बघू."

सगळा बाक हसला. नर्सही हसली, आणि हसत हसत तिने 'त्रास नाही'वर खूण केली.

मी माझी प्रश्नावली स्वतः भरत होते. मोटारीचं दार उघडता येतं का? आमच्या टॅक्सीचं दार कंडक्टर उघडतो, आणि आपण नीट बसायच्या आत बंदही करतो. बिनहातांच्या खुर्चीवरून उठता येतं का? आमच्या घरात खुर्च्या आहेत, त्यांच्यावर पुरुष आणि पाहुणे बसतात. मी चटईवर बसते. चटईवरून कशी उठते, हे कोणी विचारलं नव्हतं. जिना? घराला जिना नाही. मी प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, आणि सगळी उत्तरं मिळून मी ठणठणीत निघाले.

डॉक्टर लुटाया तरुण आणि मनाने फार चांगले. त्यांच्या खोलीत जाताना मी सवयीने खाली वाकायला लागले, तर त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'कृपया येथे गुडघे टेकू नयेत. खुर्चीवर बसावे.' पाटी त्यांनीच लावली होती. दुखऱ्या सांध्यांच्या बायका आपल्यापुढे टेकतात हे त्यांना बघवत नसे.

"तुमचा आकडा छान आहे," ते म्हणाले. "इंजेक्शनची गरज दिसत नाही."

"डॉक्टर, मला माझी पोर पाठीशी बांधता येत नाही."

त्यांनी कागद उलटसुलट केला. "ते यात नाही."

"यात नाही म्हणून ते नाहीच का?"

ते जरा ओशाळले. "प्रश्न मला बदलता येत नाहीत हो. पुढच्या महिन्यात प्रोफेसर मायांजा येताहेत. यादी तेच नक्की करणार आहेत."

घरी आले तर सासूबाई मटोके सोलत बसल्या होत्या. हिरव्या केळ्यांच्या चिकाने हात काळे झालेले. "काय म्हणाला डॉक्टर?"

"कागदावर मी ठीक आहे."

सुरी थांबली. "ठीक आहेस?"

"कागदावर."

"मग टेक."

एवढंच म्हणाल्या. मी नाकायेला चटईवर ठेवलं. मनात म्हटलं, बघाच आता. आणि टेकले. गुडघ्यांत कोणी खिळे ठोकावेत तशी कळ आली, पण मी विचारपूस सुरू केली. दिवस कसा गेला? छान. घरातली कशी आहेत? छान. कष्ट केलेत हो. तूही केलेस. त्याही अडून बसल्या होत्या. शेजाऱ्यांची चौकशी झाली, केळीच्या बागेची झाली, गाभण शेळीची झाली. संपलं. आता उठायचं.

मला उठता येईना.

मी हात टेकले. तळवे उघडत नव्हते, म्हणून मुठींवर भार दिला. एक गुडघा उचलायला गेले तर दुसरा सरकला. मग मी मुठींवर आणि गुडघ्यांवर रांगत फणसाच्या झाडाकडे निघाले, खोडाचा आधार मिळेल म्हणून. वाटेत नाकायेची चटई होती. ती मला रांगताना बघून खदखदून हसली. तिला वाटलं, आई खेळतेय.

सासूबाईंच्या मांडीवरून केळं घरंगळलं. त्या उठल्या, माझ्या काखेत हात घातले आणि भरलेलं पोतं उचलावं तसं मला उभं केलं. माझी मूठ हातात घेऊन एकेक बोट सरळ करून बघायला लागल्या. होईना.

मग म्हणाल्या, "हे त्या डॉक्टरला दाखवलंस?"

"तिथे टेकायला बंदी आहे."

"कोणाची?"

"डॉक्टरांचीच. आपल्याला त्रास होऊ नये म्हणून."

सासूबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचंच होतं असं मला काही वाटत नाही. "वा रे डॉक्टर! दुखणं जिथे दिसतं तिथेच पडदा टाकला बाबाने!"

"आई, नाकायेचं..."

"ईस्टर अजून लांब आहे," त्या म्हणाल्या आणि केळं उचलून पुन्हा सोलायला बसल्या.

प्रोफेसर येण्याच्या दिवशी सासूबाईंनी ठेवणीतली जांभळी गोमेसी नेसली. उभे खांदे, आणि कमरेला तो रुंद चकचकीत पट्टा. नाकाये त्यांच्याच पाठीवर होती. चढण चढताना मी म्हणाले, "आई, प्रोफेसर वयस्क आहेत. मसाक्याकडच्याच जुन्या घरातले. आपण टेकून विचारपूस सुरू केली, तर ते मध्येच तोडायचे नाहीत."

त्या थांबल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कॉलेजात हे शिकवतात होय? मग पैसे अगदीच पाण्यात नाही गेले."

"आणि पाटी खोलीत आहे, आई. व्हरांड्यात नाही."

व्हरांडा बायकांनी गच्च भरला होता. सासूबाई बाकाबाकापाशी गेल्या, कोणाच्या कानात काही बोलल्या. फेबीने मान हलवली. प्रोफेसरांची गाडी आली. पांढरे केस, पांढरा लांब कांझू, त्यावर कोट. त्यांच्या मागे फायली घेतलेले डॉक्टर लुटाया.

प्रोफेसरांनी पायरीवर पाऊल ठेवलं आणि नालोंगो खाली बसल्या. गुडघे टेकले, हात मांडीवर, मान खाली. त्यांच्या मागोमाग फेबी. मग मी. मग अख्खा व्हरांडा, एखादी चादर खाली यावी तसा.

"अहो, अहो, नको," डॉक्टर लुटाया पुढे आले.

"थांबा," प्रोफेसर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. शहरात असं कोणी करत नसावं. "बायांनो, रात्र कशी गेली?"

"छान गेली, साहेब. तुमची?"

"छान. घरातली?"

"छान आहेत. तुमच्याकडची?"

"छान. कष्ट केलेत हो."

"तुम्हीही केलेत, साहेब."

"हं."

"हं."

नालोंगोंनी काही सोडलं नाही. प्रोफेसरांचं गाव, गावाकडचे म्हातारे, रस्ता, पाऊस, बीन्सचं पीक. प्रोफेसरही रंगात आले होते, एकेका चौकशीला पुरं उत्तर देत होते. माझ्या गुडघ्यांतली कळ मांडीत चढली, मांडीतून कमरेत. शेजारी फेबी दात आवळून हुंकार भरत होती. कोणीही हललं नाही.

शेवटी प्रोफेसर म्हणाले, "बरं वाटलं. उठा आता, बायांनो."

नालोंगो टुणकन उठल्या. बाकी कोणी उठलं नाही.

प्रोफेसर वाट बघत राहिले. "उठा ना."

कोणीतरी कण्हलं. एकीने बाकाचा पाय धरला. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. मी मुठी टेकल्या, आणि या वेळी लपवल्या नाहीत. वर बघितलं तर प्रोफेसर माझ्या मुठींकडेच बघत होते.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "यांचे आकडे वाचा."

डॉक्टर लुटायांनी फाइल उघडली. "फेबी... त्रास नाही. त्रास नाही. टब, त्रास नाही..."

"टबाचा अजूनही काही त्रास नाही हं, साहेब," फेबी जमिनीवरून म्हणाली.

आधी नर्स नांतेगे खदखदून हसली. मग सगळा व्हरांडा. गुडघ्यांवर बसलेल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. प्रोफेसरही हसले, आणि हसता हसता पायरीवरच बसले, कोटासकट.

"मला वाटत होतं आपण यांना विचारतोय," ते डॉक्टरांना म्हणाले. "आपण नुसतं 'कशा आहात' म्हणत होतो."

"आणि त्यावर आधी सगळं छानच म्हणतात, साहेब," नालोंगो म्हणाल्या. "खरं काय ते विचारपूस संपल्यावर निघतं. तुमचा कागद तोवर थांबतच नाही. आज थांबलात, तर विचारा आता."

प्रोफेसरांनी खिशातून पेन काढलं. "सांगा. काय विचारायला हवं होतं?"

मग काय विचारता! मटोके सोलता येतात का. पाण्याचा कॅन डोक्यावर चढवता येतो का. गोमेसीचा पट्टा बांधता येतो का. ओले कपडे पिळता येतात का. "पोर पाठीशी बांधता येतं का," मी ओरडले, स्वतःच्याच आवाजाने दचकून. आणि नालोंगो सगळ्यांच्या वरताण: "संडासात बसल्यावर उठता येतं का, ते लिहा आधी! टबात कोण जातंय, तिथे मात्र सगळ्यांना जावं लागतं!"

डॉक्टर लुटाया लाजून चूर झाले, पण फायली खाली ठेवून एकेकीला हात देऊन उठवायला त्यांनीच सुरुवात केली. त्या दिवशी ती पाटी उतरली. त्यांनी ती स्वतःच उतरवली.

प्रोफेसर म्हणाले, नवे प्रश्न एका दिवसात होत नसतात. ते पुष्कळ जणांना विचारून पारखावे लागतात. पण यादी त्यांनी तिथेच थांबवली, आणि प्रत्येकीचे सांधे नव्याने तपासायला लावले. फेबीला इंजेक्शन मिळालं. मला मिळालं.

प्रश्न लिहायला नर्स नांतेगेबरोबर मलाही बसवलं. एकेका वाक्यावर भांडणं झाली. कॅन केवढा? मटोके किती जणांचे? एक तरुण मुलगी म्हणाली, "मी टेकतच नाही. आमच्या घरी कोणी टेकत नाही." जुन्या बायका तिच्यावर तुटून पडणार, इतक्यात मी म्हणाले, "तिला वेगळा चौकोन द्या. 'हे काम मी करत नाही.' त्याची गणती 'त्रास नाही'त नको." तो चौकोन आता प्रत्येक प्रश्नापुढे आहे. टबवाल्या जुन्या कागदावर तो असता, तर निम्मा कागद त्यातच भरला असता.

आणि नववा प्रश्न असा: गुडघे टेकून पूर्ण विचारपूस झाल्यावर, जमिनीला हात न लावता उठता येतं का? 'पूर्ण' हा शब्द सासूबाईंचा. त्याशिवाय त्या ऐकेचनात.

ईस्टर झाला आणि नाकायेची आत्या आली. हातात टोपली, आत फक्त पोरीसाठी नवं दुपटं. अंगणात फणसाखाली सासूबाईंशेजारी चटईवर ऐसपैस बसली. "कुठाय माझी भाची? आणि कॉलेजवाली कुठाय? अजून चौकट धरूनच उभी असते का?"

मी घरात होते. फडकं घेतलं, वाकले, नाकायेला पाठीवर सरकवलं, फडकं छातीवर ओढलं आणि गाठ मारली. बोटं अजून थोडी कुरकुरत होती, पण गाठ बसली. मी ती दोनदा ओढून बघितली. मी काळजीखोर आहे हे सांगितलंच.

बाहेर आले आणि दोघींच्या समोर टेकले.

"दिवस कसा गेला, आत्याबाई?"

आत्याचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. "छान... छान गेला."

"घरातली?"

"छान."

आत्याशी विचारपूस झाली. मग सासूबाईंनी घसा साफ केला. "माझं राहिलंय," म्हणाल्या, आणि सुरू झाल्या. रात्र, सकाळ, वास्वा, वास्वाचा भाऊ, केळीची बाग, शेळी, शेळीची दोन करडं, शेजारच्यांची करडं. त्यांचे डोळे चमकत होते. मीही प्रत्येकाला उत्तर दिलं, सावकाश, एकही न गाळता. पाठीवर नाकाये माझे केस ओढत होती.

"हं," सासूबाई म्हणाल्या.

"हं," मी म्हणाले.

आणि उठले. हात मांडीवरच होते. आधी एक पाऊल, मग दुसरं, आणि पोरीसकट मी सरळ उभी. नाकाये वर जाताना किंचाळली, आनंदाने.

आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग टोपलीकडे. सासूबाईंनी ती टोपली ओढली, आत केळ्यांचा एक घड ठेवला, त्यावर पाय बांधलेली कोंबडी. "घे. मसाक्याला रिकाम्या हाताने नको जायला."

"आणि पोर?"

"पोर जागच्या जागी आहे," सासूबाई म्हणाल्या. "दिसत नाही का तुला?" मग माझ्याकडे वळल्या. चेहरा अगदी कडक. "आणि काय गं, एवढी घाई कसली? कोंबड्यांची विचारपूस राहिलीच की."

मी फडक्याची गाठ चाचपली, आणि हसत पुन्हा टेकले.